तेहेतीस फुटांची साखळी

बदलापूरला कुळगावच्या बाजूला किंवा अंबरनाथ पूर्वेला जागेची चौकशी केली, की पहिला प्रश्न येतो, ‘किती गुंठे पाहिजेत?’ फ्लॅट चौरस फुटांत घ्यायचा, जमीन गुंठ्यांत. रोडटच असेल तर गुंठ्याला एक भाव, आत असेल तर दुसरा. हे बोलणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर त्याच वेळी दुसरा एक शब्द दिवसभर येत असतो. आधार बँकेला लिंक करा, अनोळखी लिंक उघडू नका, सातबाऱ्याची लिंक पाठवलीय. गुंठा आणि लिंक हे दोन शब्द एका वाक्यात आणण्याचं कोणाला कारण पडत नाही. पण दोघांचा जन्म एकाच लोखंडी वस्तूशी बांधलेला आहे, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास त्या वस्तूला सोडून सांगता येत नाही.

लिंक म्हणजे मुळात साखळीची एक कडी. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आला. जर्मन भाषेतला ‘गेलेंक’, म्हणजे शरीरातला सांधा, त्याच कुळातला. जुन्या इंग्रजीत कड्याकड्यांच्या चिलखतासाठीही याच कुळातला शब्द होता. तेव्हा लिंक ही हाताने चाचपता येणारी, गंजणारी, तुटणारी वस्तू होती. मनुष्यामनुष्यांमधला, घटनाघटनांमधला संबंध हा अर्थ नंतर जडला. आज सी लिंक आणि मिसिंग लिंक हे शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत सर्रास असतात, आणि त्या मथळ्यांतून लोखंड पार नाहीसं झालेलं असतं.

या कडीला मापाचा मान मिळाला तो १६२० च्या सुमारास. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्र शिकवणाऱ्या एडमंड गुंटर या गणितज्ञाने जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची साखळी ठरवली. तिच्यात १०० कड्या, म्हणजे एक कडी ७.९२ इंचांची. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब फार देखणा आहे. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब अशी पट्टी घेतली की बरोबर एक एकर. ऐंशी साखळ्या म्हणजे मैल. लांबी-रुंदी कड्यांत लिहून गुणाकार करायचा आणि दशांश चिन्ह सरकवायचं, की एकर हातात. शिकल्या-सवरल्या माणसालाही अपूर्णांकांचा गुणाकार जड जाणाऱ्या काळात ही मोठी सोय होती. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची का, याचंही उत्तर इथेच आहे. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, म्हणजे गुंटरची एक साखळी. अंबरनाथच्या मैदानात रविवारी पावलांनी मोजून स्टंप ठोकणारी पोरं नकळत शंभर कड्यांचं अंतर धरतात.

इंग्रजांनी साखळी आणली म्हणून मोजणी आली, असं मात्र समजू नये. गुंटरच्या चाळीसेक वर्षं आधी अकबराच्या राज्यात हा प्रश्न सुटला होता. तोवर जमीन तागाच्या दोरीने मोजत. दोरी ओली झाली की आखडायची, उन्हात वाळली की सैल पडायची, आणि त्या फरकात कोणाचं तरी नुकसान व्हायचं. अकबराचा महसूल पाहणाऱ्या तोडरमलाच्या काळात, १५७० च्या दशकात, दोरीच्या जागी लोखंडी कड्यांनी एकमेकांना जोडलेले बांबू आले. बांबू आखडत नाही आणि कडी ओलसर हवेने बदलत नाही. मापातला दगाफटका कमी करायचा तर जोड लोखंडाचा हवा, हे शहाणपण आपल्याकडे आधीच होतं.

महाराष्ट्रात काठी चालत असे. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जी मोजणी झाली तिची काठी पाच हात पाच मुठींची होती. वीस चौरस काठ्यांचं एक पांड, वीस पांडांचा एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. जमिनीचं माप माणसाच्या हाताच्या लांबीवरून ठरत होतं आणि गावागावांत थोडंफार बदलत होतं.

त्याहूनही मागे जायचं तर अंबरनाथच्याच शिवमंदिराशी थांबावं लागेल. वालधुनीच्या काठावरच्या या देवळातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा काळ आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. शिलाहार राजांच्या दानपत्रांत दिलेल्या जमिनीच्या सीमा लिहिलेल्या असतात. त्यांना आघाट म्हणत. पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्याचं शेत, पश्चिमेला वाट, उत्तरेला झाड किंवा शेजारचं गाव. जमीन किती, यापेक्षा ती कोणाला लागून आहे हे महत्त्वाचं. ही रीत अजून मेलेली नाही. आज बदलापूरच्या सबरजिस्ट्रार कार्यालयात नोंदवलेल्या कुठल्याही खरेदीखतात चतुःसीमा असतेच, पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. हजार वर्षांपूर्वीची शेजारधर्माची भाषा आणि इंग्रजांच्या साखळीचा आकडा एकाच कागदावर शेजारी शेजारी बसलेले आहेत.

हिंदुस्थानात इंग्रजी साखळीचं आगमन नाट्यमय झालं. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी देशाच्या महासर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली. त्याच्याजवळची पोलादी साखळी १०० फुटांची होती. तिच्यात अडीच-अडीच फुटांचे ४० दांडे होते. ही साखळी मुळात लॉर्ड मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या सम्राटाला भेट म्हणून निघालेली. तिथे ती कोणी घेतली नाही. शिष्टमंडळातल्या डॉ. डिनविडी यांच्याकडे ती राहिली आणि त्यांच्याकडून लॅम्बटनकडे आली. चीनच्या दरबाराला नको झालेल्या साखळीने हिंदुस्थान मोजायला सुरुवात झाली.

पण लॅम्बटनची साखळी नकाशा काढणाऱ्यांची. शेतकऱ्याच्या बांधावर आली ती दुसरी साखळी, महसुलाची. मुंबई इलाख्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम हाती घेतलं. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने नियम पक्के केले, आणि ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत पसरत ठाणे-कल्याणच्या भातखाचरांपर्यंत पोहोचली. सर्व्हे नंबर हा शब्द त्याच मोजणीचा. गुंटरच्या साखळीचं इथे रूपांतर झालं. ६६ फुटांची निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी घेतली आणि तिचे शंभर नव्हे, सोळा भाग केले. त्या भागाला नाव दिलं आणा. रुपयाचे सोळा आणे मोजणाऱ्या मुलखात हिशेबाला यापेक्षा सोपं काय असणार? एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. आणि ही साखळी एकदा उभी, एकदा आडवी टाकली की जो चौकोन होतो, तोच गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे नेमका गुंटरचा एकर.

बदलापूरच्या एजंटाच्या तोंडी असलेला गुंठा असा साखळीतून घडलेला आहे.

मोजणीची ही रीत आपल्या भूमी अभिलेख खात्यात शंकुसाखळी म्हणून ओळखली जाते. शंकू म्हणजे जमिनीत रोवायचा एक खुंट. त्याच्या माथ्यावर काटकोनात दोन सरळ खाचा असतात. मोजणीदार शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत नजर लावून एक रेषा धरी. दोन चेनमन साखळीच्या दोन मुठी धरत. पुढचा चालत जाई, मागचा जागेवरून त्याला डावीकडे-उजवीकडे हात करून रेषेत आणी. साखळी ताणली की पुढचा टोकाशी खूण रोवी, मागचा ती खूण उचलत पुढे येई. त्याच्या हातात किती खुणा जमल्या, त्यावरून किती साखळ्या झाल्या हे कळे. वाटेत बांधाचा एखादा कोपरा डावी-उजवीकडे आला, की शंकूच्या खाचेतून पाहून त्या कोपऱ्यापर्यंतचं आडवं अंतर मोजायचं. शेत कितीही वेडंवाकडं असो, असं त्रिकोण-चौकोनांत मोडून कागदावर उतरत असे. तो कागद म्हणजे टिपण. साखळ्या आणि आण्यांतले आकडे मांडलेलं, त्या शेताचं मूळ चित्र.

मुरबाडच्या बाजूला चढत जाणाऱ्या उतारावर हे काम आणखी किचकट. साखळी जमिनीला समांतर टाकली तर उताराची लांबी मोजली जाते आणि क्षेत्र फुगतं. म्हणून ती आडवी, पाण्याच्या पातळीसारखी धरून पायरी-पायरीने उतरावं लागे. खाचराच्या बांधांवर तर दर साखळीला ही कसरत.

आणि कड्या झिजत. दोन दांड्यांना जोडणारी कडी रोज ताण खाऊन केसभर उघडते. एका कडीत ते जाणवत नाही, साऱ्या साखळीत मिळून इंचभर होतं. ३३ फुटांची साखळी एक इंचाने वाढली, की कागदावरचं क्षेत्र घटतं. एका एकरामागे सुमारे २१९ चौरस फुटांनी. त्या वेळच्या शेतकऱ्याला यात तोटा नव्हता, उलट साराही तेवढाच हलका. पण टिपणावर एकदा कमी लिहिलं गेलं की ते कमीच राहिलं. आज बदलापुरात २१९ फुटांत एक खोली बसते, आणि भावाभावांत त्या खोलीएवढ्या जागेवरून दावे चालतात. म्हणूनच त्या काळी साखळी पक्क्या मापाशी वेळोवेळी ताडून पाहण्यावर इतका भर असे.

या साखळीखाली सगळे सारखे आले नाहीत, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. भातजमीन ज्याच्या नावाने सारा भरत होती, त्याच्या नावावर सर्व्हे नंबर चढला. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरई काढणारे, आज इथे उद्या तिथे राब करणारे ठाकूर आणि कातकरी यांची नावं त्या नोंदींत क्वचितच उतरली. साखळीला स्थिर बांध लागतो, आणि त्यांच्या शेतीला बांध नव्हता. कातकऱ्यांच्या किती तरी वाड्या आजही दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमीन प्लॉटिंगला निघाली की वाडी उठवायची भाषा सुरू होते. गोल्डस्मिड-विंगेट यांची पद्धत तिच्या काळाच्या मानाने न्याय्य होती, सारा निश्चित करून तिने कुणब्याला थोडा श्वास दिला, हे मान्य करूनही हा हिशेब बाकी राहतो.

त्याच सुमाराला कड्यांची दुसरी साखळी या पट्ट्यात आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, १ मे १८५४ ला रूळ कल्याणला पोहोचले आणि १२ मे १८५६ ला अंबरनाथ, बदलापूर मागे टाकत खोपोलीपर्यंत. ब्रिटिश रेल्वे अभियंते अंतर मैल आणि साखळ्यांत लिहीत, वळणाची त्रिज्याही साखळ्यांत सांगत. डब्याला डबा जोडणारं कपलिंग म्हणजे आकडा आणि कड्याच. पुढे बोरघाटाचं काम १८६३ मध्ये पुरं झालं. त्या घाटात हजारो मजूर पटकी आणि तापाने मेले. कर्जतला घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन लावलं जातं ते आजही पाहता येतं. बदलापूर या नावाचा संबंध लोक घोडे बदलण्याशी लावतात. घाटावर जाणाऱ्या वाटेवर इथे थकलेले घोडे बदलून ताजे घेत, असं सांगतात. ते खरं असो वा नसो, रूळ आल्यावर गाव प्रवासातला मुक्काम उरला नाही, मुंबईच्या ६८ किलोमीटरवरचं स्टेशन झालं.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली, तिच्या बराकी युद्ध संपल्यावर रिकाम्या पडल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना त्यांत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव पडलं. उल्हास नदीवरून आलेलं ते नाव कागदावर गेलं, बोलण्यात मात्र कॅम्प राहिला. एक नंबर, दोन नंबर, असे पाच कॅम्प, पत्त्यात सेक्शन आणि बराक.

इथे साखळीची एक गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. सिंध १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराची आणि हैदराबादकडच्या शेतांनाही मुंबईच्याच महसुली पद्धतीचे एकर आणि गुंठे लागू झाले. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये आजही चाळीस गुंठ्यांचा एकर चालतो. म्हणजे लारकाना किंवा नवाबशहाची जमीन सोडून कल्याणच्या फलाटावर उतरलेल्या सिंधी कुटुंबाला इथली भाषा परकी होती, मुलूख परका होता, पण जमिनीचं माप ओळखीचं होतं. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच ३३ फुटांच्या साखळीने कापलेली माती होती. १९५० च्या क्लेम कायद्याखाली मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे भरताना या मापाचा आधार होता. १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरली, आणि त्या भरपाईतून बराकीतल्या खोल्या आणि भूखंड अनेकांच्या मालकीचे झाले.

मात्र छावणीत गुंठ्याला जागा नव्हती. बराकीच्या खोलीत एकेक कुटुंब, खोलीपुढे पडवी, पडवीपुढे दुकान, दुकानावर माळा. मोजणीचा कागद आणि प्रत्यक्ष बांधकाम यांच्यातलं अंतर इतकं वाढलं की २००६ मध्ये खास उल्हासनगर शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. महाराष्ट्रात एका शहरासाठी असा कायदा होणं ही साधी गोष्ट नव्हे. घरदार सोडून आलेल्या माणसांनी वीत-वीत जागेवर हक्क सांगितला, त्यात लबाडीपेक्षा भीती जास्त होती असं त्या काळाकडे पाहताना वाटतं.

बदलापूर आणि अंबरनाथच्या कडेच्या गावांत उलट झालं. तिथे गुंठाच नाणं झाला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राखालच्या शेतजमिनीचे तुकडे विकायला बंदी होती. हेतू चांगला होता, शेती परवडेनाशी होऊ नये हा. पण लोकलच्या दहा मिनिटांच्या अंतरात घर हवं असणाऱ्याला एकर परवडत नाही, त्याला एक-दोन गुंठे पुरतात. मग एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं सामाईकात चढू लागली, नोटरीच्या कागदांवर व्यवहार झाले, नकाशा मंजूर नसलेल्या प्लॉटवर घरं उठली. त्यांना गुंठेवारी हे नाव पडलं आणि २००१ मध्ये ती नियमित करण्याचा कायदाही त्याच नावाने झाला. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी धरली होती, पुढे २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीदाराच्या साखळीवरून एकविसाव्या शतकातल्या कायद्याला नाव मिळालं.

दशमान पद्धत आल्यावर सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट, गुंठ्याहून तेरा फुटांनी कमी. कागदावर आर लिहायचा आणि तोंडाने गुंठा म्हणायचं, असं दोन पिढ्या चाललंय, आणि व्यवहारात त्या तेरा फुटांकडे सोयीने डोळेझाक होते. दहा गुंठ्यांत ते सव्वाशेच्या वर जातात.

आता भूकरमापकाच्या हातात साखळी नसते. उपग्रहांशी बोलणारा रोव्हर घेऊन तो येतो, कोपऱ्यावर काठी टेकवतो आणि अक्षांश-रेखांश पडद्यावर उमटतात. मोजणीचा अर्ज ऑनलाइन होतो, नकाशाही फोनवर मिळतो. पण बांधावरून वाद असेल तर रोव्हर तो एकटा सोडवू शकत नाही. सध्याचा बांध कुठे आहे, एवढंच तो सांगेल. मूळ हद्द कुठे होती हे जाणायला भूमी अभिलेख कार्यालयातलं जुनं टिपण काढावं लागतं. त्यावर कोणा मोजणीदाराने शाईने लिहिलेलं असतं, सात साखळ्या चार आणे. भूकरमापक त्याचे ७२.९२ मीटर करतो आणि तेवढं अंतर शेताच्या पक्क्या कोपऱ्यापासून धरून खुंट ठोकायला सांगतो.